म्युनिकचा पेला आणि इब्सेनचा डॉक्टर

हेन्रिक इब्सेनचे 'लोकशत्रू' हे नाटक मराठीत वाचावे, जमल्यास बसवावे, अशी कल्पना आपल्या मंडळातल्या नाटकवेड्या मंडळींनी मांडली आहे. जर्मन रंगभूमीवर ते 'आइन फोल्क्सफाइंट' या नावाने पुन्हा पुन्हा होत असते. कल्पनेला माझा विरोध नाही. नाटक बांधणीचे पक्के आहे आणि नेपथ्याला फारसा खर्च नाही. इब्सेन मराठीला नवा नाही. अनंत काणेकरांचे 'घरकुल' आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. शिवाय हा लेखक अर्धा म्युनिककर. १८७५ पासून काही वर्षे आणि पुढे १८८५ ते १८९१ तो इथे राहिला, माक्सिमिलियनश्ट्रासवर त्याचे घर होते, आणि 'हेडा गाब्लर'चा पहिला प्रयोग १८९१ च्या जानेवारीत इथल्याच रेसिडेन्स थिएटरात झाला.

पण कल्पना मांडताना जे कारण दिले गेले ते मला पटलेले नाही. कोरोनानंतर हे नाटक 'आजचे' झाले आहे, साथीच्या काळात खरे बोलणाऱ्या एकट्या माणसाचे ते नाटक आहे, असे जो तो म्हणतो. साथीचे रोग कसे पसरतात आणि कसे थांबतात याविषयी हे नाटक नेमके काय सांगते, हे एकदा नीट तपासून पाहावे म्हणून हा लेखनप्रपंच. माझा धंदा नळांचा आणि पंपांचा, साहित्याचा नव्हे. पण या नाटकातला सगळा तंटा नळांवरूनच आहे, तेव्हा तेवढा अधिकार मला असावा.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात. नॉर्वेच्या किनाऱ्यावरचे लहान गाव. गावाने नुकतीच औषधी स्नानगृहे उभारली आहेत, बाहेरगावचे रोगी येऊ लागले आहेत, घरांना भाव आला आहे. स्नानगृहांचा वैद्यकीय अधिकारी डॉ. टोमास स्टॉकमान. आदल्या हंगामात पाहुण्यांपैकी काहींना विषमज्वर आणि पोटाचे विकार झाले, म्हणून त्याने पाण्याचे नमुने कोणाला न सांगता विद्यापीठात तपासायला पाठवले. उत्तर येते की पाणी कुजक्या घाणीने आणि सूक्ष्म जीवांनी भरलेले आहे. वरच्या अंगाला कातडी कमावण्याचे कारखाने आहेत, त्यांची घाण नळात झिरपते आहे. नळ उखडून नव्याने टाकायला हवेत. काम दोन वर्षांचे आणि खर्च काही लाखांचा. डॉक्टरला वाटते, गाव आपला सत्कार करील. त्याचा सख्खा थोरला भाऊ पेटर हा गावचा नगराध्यक्ष. तो सांगतो, अहवाल मागे घे. वर्तमानपत्राचा संपादक आणि मुद्रक आधी डॉक्टरच्या बाजूने असतात, मग उलटतात. चौथ्या अंकात जाहीर सभा होते, तिथे डॉक्टरला पाण्याविषयी बोलूच देत नाहीत आणि शेवटी मतदान घेऊन त्याला 'लोकशत्रू' ठरवतात. पाचव्या अंकात घराच्या काचा फुटलेल्या, नोकरी गेलेली, लेकीची शिक्षिकेची नोकरीही गेलेली. तरी तो गाव सोडत नाही, आणि जगात सर्वांत बलवान तोच जो अगदी एकटा उभा असतो, या शोधावर पडदा पडतो.

नाटकाचे खरे बळ तिसऱ्या अंकात आहे. वर्तमानपत्राच्या कचेरीत नगराध्यक्ष येतो आणि सहज बोलल्यासारखे सांगून टाकतो की हा खर्च स्नानगृहांचे भागधारक करणार नाहीत, तो करदात्यांच्या डोक्यावर बसेल. तिथून पुढे मुद्रक आस्लाक्सेन, जो घरमालक संघाचा अध्यक्ष आहे आणि ज्याच्या तोंडी सतत 'संयम' हा शब्द आहे, त्याचा पाठिंबा कसा गळत जातो ते पाहण्यासारखे आहे. तो दुष्ट नाही. त्याला घाणेरडे पाणीही नको आहे आणि वाढीव करही नको आहे. इतका खरा माणूस नाट्यवाङ्मयात थोडाच सापडतो. आपल्या कोणत्याही वार्षिक सभेत तो एका खुर्चीवर नव्हे, निम्म्या खुर्च्यांवर बसलेला असतो.

इतके झाल्यावर माझी पहिली तक्रार. रोगावरच्या या नाटकात रोगी नाही. पाच अंकांत एकही आजारी माणूस रंगमंचावर येत नाही. विषमज्वर झालेले पाहुणे आदल्या वर्षीच आपापल्या गावी परतले आहेत. ते जगले की मेले, कोणी विचारत नाही, डॉक्टरही विचारत नाही. पहिल्या अंकात रोगाचा उल्लेख आहे, दुसऱ्यात नळांचा, तिसऱ्यात पैशाचा, आणि चौथ्यात तर डॉक्टर स्वतःच जाहीर करतो की मला पाण्यापेक्षा मोठे काही सांगायचे आहे. म्हणजे समाज सडला आहे वगैरे. पाणी तिथे सुटते ते सुटतेच. नाटक संपते तेव्हा घाण पाणी नळातून वाहतच असते आणि पुढचा हंगाम जवळ आलेला असतो. इब्सेनला साथ हवी होती ती निमित्त म्हणून.

आता या निमित्ताचा उगम पाहा. इब्सेनच्या मनात ही गोष्ट ज्या दोन-तीन हकिकतींतून आली त्यांपैकी एक त्याला म्युनिकमधल्या ओळखीतून मिळाली होती. आल्फ्रेड माइसनर हा कवी त्याच्या परिचयाचा होता. माइसनरचे वडील बोहेमियातल्या टेप्लिट्झ या स्नानक्षेत्री वैद्य होते. १८३० च्या दशकात तिथे पटकीचे रोगी आढळले आणि त्यांनी ते जाहीर केले. पाहुणे पळाले, हंगाम बुडाला, गावकऱ्यांनी वैद्याच्या घरावर दगड टाकले, आणि त्याला गाव सोडावे लागले. मूळ घटनेत पटकी होती हे ध्यानात ठेवा, कारण ज्या वर्षांत इब्सेन म्युनिकात राहत होता त्या वर्षांत पटकीवरचा जगातला सर्वांत मोठा अधिकारी मानला जाणारा माणूस त्याच्या घरापासून थोड्या अंतरावर, राजवाड्यातल्या राजऔषधालयाचा प्रमुख म्हणून, राहत होता. त्याचे नाव माक्स फोन पेट्टेनकोफर. माक्सिमिलियनप्लाट्झवरच्या झाडीत त्याचा बसलेला पुतळा आपण सर्वांनी पाहिला आहे. बहुतेकांनी ट्राम पकडण्याच्या घाईत.

म्युनिकवर पटकी तीनदा मोठी आली: १८३६-३७, १८५४ आणि १८७३-७४. १८५४ ची साथ काचमहालातल्या औद्योगिक प्रदर्शनाच्या ऐन भरात उसळली आणि सुमारे तीन हजार माणसे मेली. ज्या राणी टेरेसेच्या लग्नानिमित्त १८१० साली ऑक्टोबरफेस्ट सुरू झाला आणि जिच्या नावाचे मैदान आपण दरवर्षी तुडवतो, ती त्या वर्षी ऑक्टोबरात पटकीनेच गेली. त्या वर्षी आणि पुन्हा १८७३ साली ऑक्टोबरफेस्ट रद्द झाला. २०२० आणि २०२१ मध्ये तो रद्द झाला तेव्हा ज्यांना हे अघटित वाटले त्यांनी हे ऐकून ठेवावे. पेट्टेनकोफरला स्वतःला १८५४ च्या साथीत हा आजार झाला होता. त्याने गल्लोगल्लीचे आणि घरोघरचे मृत्यू मोजले, जमिनीखालचे पाणी किती फुटांवर आहे ते वर्षानुवर्षे मोजले, आणि एक सिद्धांत मांडला. पटकीचे बी बाहेरून येते हे त्याला मान्य होते. पण बी एकटे काही करू शकत नाही. घाण मुरलेल्या भुसभुशीत जमिनीत ते पडले, भूजलाची पातळी खाली गेली, की तिथे ते पिकते आणि विष तयार होते. माणसाने माणसाला थेट, किंवा पिण्याच्या पाण्यातून, हा रोग होतो हे त्याला कदापि मान्य नव्हते.

सिद्धांत चुकीचा होता. रॉबर्ट कॉखने १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्ता इथे स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू रोग्यांच्या आतड्यांत दाखवला, कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यातही दाखवला. पेट्टेनकोफर बधला नाही. १८९२ च्या उन्हाळ्याअखेर हांबुर्गमध्ये पटकी फुटली. हांबुर्ग एल्बे नदीचे पाणी न गाळता प्यायचे. शेजारचे आल्टोना, जिथे घराला घर लागून आहे, तेच पाणी वाळूतून गाळून प्यायचे. हांबुर्गात साडेआठ हजारांहून अधिक मेले आणि आल्टोना जवळपास वाचले. याहून स्वच्छ प्रयोग निसर्ग करून दाखवत नाही. तरी म्युनिकच्या म्हाताऱ्याने कॉखचा सहकारी गाफ्की याच्याकडून पटकीच्या जंतूंचे ताजे रोपण मागवले आणि ७ ऑक्टोबर १८९२ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, साक्षीदारांसमोर ते पिऊन टाकले. पोटातल्या आम्लाने जंतू मेले असा आक्षेप कोणी घेऊ नये म्हणून पाण्यात सोडाही घातला होता. यात मेलो तरी ती आत्महत्या नव्हे, रणांगणावरच्या शिपायाचे मरण ठरेल, अशा अर्थाचे त्याने लिहिले. पुढले काही दिवस पोट बिघडले, विष्ठेत जंतू सापडले, पण तो मेला नाही. दहा दिवसांनी त्याचा शिष्य एमरिख याने तोच प्रयोग केला; त्याला बराच जास्त त्रास झाला, पण तोही वाचला. गुरुशिष्यांनी जाहीर केले, पाहा, जंतू पोटात गेले आणि पटकी झाली नाही.

आज आपल्याला कळते की त्यांना जे झाले ती सौम्य पटकीच होती. या जंतूची लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही किंवा साधी हगवण होते. थोड्यांना ती भीषण रूपात होते. म्हाताऱ्याला जुन्या आजाराचे काही संरक्षण उरले असेल, आणि गाफ्कीने हेतू ओळखून मुद्दाम कमजोर जंतू पाठवले असाही एक प्रवाद आहे. ते काही असो. मुद्दा असा की इब्सेनच्या व्याख्येप्रमाणे या क्षणी जगात पेट्टेनकोफरएवढा बलवान माणूस नव्हता. तो एकटा होता, बर्लिनची सरकारी विज्ञानसंस्था त्याच्या विरुद्ध होती, त्याने मताखातर प्राण पणाला लावले होते. आणि त्याचे म्हणणे साफ चूक होते.

स्टॉकमानच्या हाती इब्सेनने पहिल्याच अंकात विद्यापीठाचा कागद देऊन ठेवला आहे, ही माझी दुसरी तक्रार. प्रेक्षकाला क्षणभरही शंका येत नाही की डॉक्टर चुकत असेल. नाटक लिहिले गेले १८८२ मध्ये. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला होता, पटकीचा अजून व्हायचा होता. पाण्यात 'सूक्ष्म जीव' दिसले म्हणजे तेच रोगाचे कारण, हे त्या दिवसांत शहाण्या डॉक्टरांनाही वादाचे वाटत होते. कोणत्या रसायनतज्ज्ञाचे ऐकावे, हा त्या गावापुढचा खराखुरा प्रश्न होता. इब्सेनने तो प्रश्न काढून टाकला आणि मग गावाला मूर्ख ठरवले. साथीच्या दिवसांत अडचण नेमकी हीच असते की एकटे उभे असलेले पुष्कळ असतात, आणि त्यांतला कोण बरोबर हे त्याच्या एकटेपणावरून कळत नाही.

पेट्टेनकोफरच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती मला पेल्यापेक्षा मोलाची वाटते, पण पाठ्यपुस्तके पेल्यावरच थांबतात. हाच चुकीच्या सिद्धांताचा माणूस म्युनिकला रोगमुक्त करायला सर्वांत अधिक कारण झाला. जमिनीत घाण मुरू देऊ नका म्हणजे गटारे बांधा, मैला वाहून न्या, कत्तलखाने एका जागी आणा, आणि डोंगरातून निर्मळ पाणी आणा, असा त्याचा धोशा होता. मांगफाल खोऱ्याचे पाणी १८८३ मध्ये शहरात आले. आज आपल्या स्वयंपाकघरात जे पाणी येते ते मुख्यतः तिथलेच. ज्या म्युनिकात विषमज्वर हा पाहुण्यांना हमखास मिळणारा प्रसाद समजला जाई, तिथे काही वर्षांत तो दुर्मीळ झाला.

आणि हे त्याने लोकांच्या गळी कसे उतरवले? मार्च १८७३ मध्ये त्याने 'शहराला आरोग्याचे मोल' या विषयावर दोन जाहीर व्याख्याने दिली. म्युनिकात दर हजारी वर्षाला ३३ माणसे मरतात, लंडनमध्ये २२. म्युनिकची वस्ती १ लाख ७० हजार. लंडनइतके जरी सुधारलो तरी वर्षाला १,८७० मरणे टळतील. एका मरणामागे ३४ आजारपणे धरली, आजारपणाचे सरासरी २० दिवस धरले, आणि दिवसाची मजुरी व औषधपाणी मिळून एक गुल्डन धरला, तर शहराचे वर्षाला सुमारे १२ लाख ७० हजार गुल्डन वाचतात. हा हिशेब कोणाला उद्देशून होता? आस्लाक्सेनला! पेट्टेनकोफरने घरमालक संघाच्या अध्यक्षाला शिव्या दिल्या नाहीत, त्याच्यासमोर वही उघडली. स्टॉकमान ज्या सभेत 'बहुमत हाच सत्याचा शत्रू' म्हणून गरजतो, त्या सभेत पेट्टेनकोफर असता तर नळ बदलले गेले असते, असे मला राहून राहून वाटते. कारण मात्र त्याने चुकीचे सांगितले असते.

त्याच्या चुकीची किंमत इतरांनी मोजली, हेही इथेच सांगितले पाहिजे. हांबुर्गच्या व्यापाऱ्यांना रोग संसर्गाने पसरत नाही हा सिद्धांत फार सोयीचा होता, कारण मग बंदरात जहाजे अडवायला नकोत आणि पाणी गाळायच्या खर्चाचीही घाई नको. हिंदुस्थानातल्या इंग्रज सरकारलाही तो तितकाच सोयीचा होता. लुईस आणि कनिंगहॅम हे दोन सर्जन सरकारने आधी म्युनिकला पेट्टेनकोफरकडे धाडले, मग ते कलकत्त्याला जाऊन जमिनीखालचे पाणी मोजत बसले. सुवेझमधून जाणाऱ्या बोटी अडू नयेत, ही त्या शास्त्रामागची निकड. पेट्टेनकोफरने १९०१ च्या फेब्रुवारीत राहत्या घरी स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच्या शेवटच्या वर्षांवर भरपूर रडके लिखाण झाले आहे, त्यात मी भर घालीत नाही.

चौथ्या अंकातल्या भाषणाविषयी आता बोलतो. बहुतेक प्रयोगांत ते छाटतात. आर्थर मिलरने १९५० मध्ये रूपांतर करताना त्याची धार काढून टाकली. कारण उघड आहे. डॉक्टर तिथे जातिवंत कुत्रे आणि गल्लीतले कुत्रे, जातिवंत कोंबडी आणि गावठी कोंबडी यांची उपमा माणसांना लावतो. सामान्य लोक हे जनतेचा नुसता कच्चा माल, असा त्याचा एकूण सूर असतो. हे जर्मनीत, तेही म्युनिकात, बसून वाचताना अंगावर काटा येतो. आपल्याला तर जातिवंत या शब्दाचा वेगळा अनुभवही आहे. तरी माझे मत असे की हे भाषण मुळीच छाटू नये. ते छाटले की डॉक्टर गोड होतो, आणि प्रत्येक प्रेक्षक स्वतःला डॉक्टर समजून घरी जातो. २०२० च्या नोव्हेंबरात हॅनोव्हरच्या एका सभेत कोरोना-निर्बंधांच्या विरोधात बोलणाऱ्या तरुणीने आपली तुलना सोफी शॉलशी केली होती, हे आठवत असेल. जिला १९४३ मध्ये याच शहरातल्या श्टाडेलहाइम तुरुंगात ठार मारले तिच्याशी! एकटे असणे हाच पुरावा मानला की माणसे इथवर येतात.

आता आपल्या घरची गोष्ट. मराठी प्रेक्षक हे नाटक पाहील तेव्हा त्याच्या मनात १८९७ चे पुणे येणारच, आणि तिथे इब्सेनची मांडणी पुरती उलटी होते. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. रोग पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. तोच कायदा मार्च २०२० मध्ये आपल्या देशात पुन्हा बाहेर काढावा लागला. रँडची प्लेग समिती आली, गोरे शिपाई घराघरांत घुसले, माजघरे आणि देवघरे तुडवली, स्त्रीपुरुषांची तपासणी झाली, सामान जाळले. इथे विज्ञानाच्या बाजूने सत्ता होती आणि बहुमत निःशस्त्र होते. बरे, ते विज्ञान तरी पक्के होते का? उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे पॉल-लुई सिमाँने कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये. म्हणजे शिपाई ज्या घाणीच्या आणि संसर्गाच्या कल्पनेपायी माणसांना ओढून नेत होते ती अर्धवट होती. घरातला मेलेला उंदीर त्यांच्याइतकाच लोकांनाही दिसत होता. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, आणि आपली प्लेगची सगळी आठवण त्या रात्रीवर येऊन थांबली. आपल्याही गोष्टीतून रोगी गायब झाला, ही तक्रार एकट्या इब्सेनवर नको.

त्याच मार्चमध्ये, पेट्टेनकोफरला जंतू पाठवणारा तोच गाफ्की जर्मन प्लेग आयोग घेऊन मुंबईत उतरला होता; मागून कॉखही आला. आणि वाल्देमार हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी ग्रँट मेडिकल कॉलेजात आपली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. इथे पेल्याची आठवण होते, पण फरक आहे. हाफकिन तिथे थांबला नाही. भायखळ्याच्या तुरुंगात साथ आली तेव्हा टोचून घेतलेले कैदी आणि न घेतलेले कैदी, दोघांची त्याने मोजदाद ठेवली. स्वतःवरचा प्रयोग धाडस दाखवतो. लस उपयोगी आहे की नाही ते दुसऱ्या रकान्यातल्या आकड्यावरून कळते.

त्या उन्हाळ्यातला खरा 'लोकशत्रू' मात्र मला वेगळाच दिसतो. गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याहून मित्रांची पत्रे आली की शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केले. गोखल्यांनी ते तिथल्या वर्तमानपत्रात आणि पार्लमेंटच्या सभासदांपुढे मांडले. परत आले तो टिळकांना अटक झालेली, आणि ज्यांनी पत्रे लिहिली त्यांपैकी कोणी पुढे येऊन पुरावा द्यायला तयार नाही. गोखल्यांनी आरोप सिद्ध करता येत नाही म्हणून बिनशर्त माफी मागितली. सरकारने त्यांना खोटे म्हटले, स्वकीयांनी भेकड म्हटले. माफी मागावी की नाही यावर पुण्यात अजून वाद होऊ शकतो. पंडिता रमाबाईंनीही त्याच काळात प्लेगच्या इस्पितळातल्या स्त्रियांच्या हालांविषयी जाहीरपणे लिहिले होते, तेव्हा सगळेच आरोप हवेतले नव्हते. पण जे आपल्याला सिद्ध करता येत नाही ते आपण बोललो, हे सर्वांदेखत मान्य करायला लागणारे बळ स्टॉकमानच्या पाचही अंकांत नाही. इब्सेनला असले पात्र सुचलेही नसते.

आणि ज्या पात्रासाठी इब्सेनच्या नाटकात जागाच नाही ते म्हणजे सावित्रीबाई फुले. मुलगा डॉ. यशवंत याने पुण्याबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून तिथे आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. बहुमताशी आयुष्यभर भांडलेली ही बाई. पण साथ आली तेव्हा सभा घ्यायला गेली नाही.

सत्यजित रायनी १९८९ मध्ये 'गणशत्रू' केला तेव्हा यांतल्या काही अडचणी त्यांना जाणवल्या असाव्यात. स्नानगृहांच्या जागी त्यांनी मंदिर आणले, नळाच्या पाण्याच्या जागी तीर्थ. तुळशीपत्र पडले की पाणी पवित्र, मग कावीळ कशी होईल, असा सवाल डॉक्टरला केला जातो. हे रूपांतर अचूक आहे, कारण आता प्रश्न नुसता कराचा राहत नाही, श्रद्धेचा होतो. वंशशुद्धीचे भाषण रायनी टाकून दिले. आणि शेवटी सौमित्र चतर्जींच्या डॉक्टरला एकटे न ठेवता दाराबाहेर तरुणांच्या घोषणा ऐकवल्या. चित्रपट बंद खोल्यांत चित्रित झालेला, बोलका, थोडा जड आहे. हृदयविकारातून उठलेल्या दिग्दर्शकाच्या थकव्याची छाया त्यावर दिसते. शेवट मला भाबडा वाटतो. पण रायचा डॉक्टर भाषणात पाण्याचा विषय सोडत नाही, हे मी विशेष मानतो.

ज्यांना कोरोनाचे नाटक हवे आहे त्यांना मी म्युनिकचेच उदाहरण देईन. जर्मनीतला पहिला रोगी २७ जानेवारी २०२० रोजी इथेच सापडला, श्टोकडॉर्फच्या वेबास्टो कंपनीतला कर्मचारी; त्याला श्वाबिंगच्या रुग्णालयात ठेवले. शांघायहून आलेल्या सहकारी बाईने परत गेल्यावर लागण कळताच कंपनीला कळवले, म्हणून तो सापडला. मग आरोग्य खात्याच्या माणसांनी कोण कोणाशेजारी बसले, कोणाची बैठक किती मिनिटे चालली, हे विचारत सोळा जणांची साखळी उलगडली. त्यांतल्या एकाला झालेली लागण कंपनीच्या उपाहारगृहात पाठीला पाठ लावून बसलेल्या दोघांनी मिठाची डबी देण्याघेण्यापुरते बोलल्यामुळे झाली असावी, इथवर शोध पोचला. ती साखळी थांबली. यात कोणी एकटे उभे नव्हते आणि कोणी गरजले नाही. कॅलेंडरे आणि टेलिफोन होते. यावर पाच अंकी नाटक होत नाही हे मलाही कळते.

तेव्हा नाटक अवश्य वाचा. चौथ्या अंकातले भाषण पूर्ण ठेवा, कोंबड्या-कुत्र्यांसकट, आणि डॉक्टरचे काम करणाऱ्याने ते टाळ्यांसाठी म्हणू नये. आस्लाक्सेनसाठी मंडळातला सर्वांत चांगला नट द्या. तो विनोदी झाला की नाटक गेले. आणि वाचनाला सुरुवात करण्यापूर्वी अर्धा तास पेट्टेनकोफरच्या १८७३ च्या व्याख्यानांतले उतारे मराठीतून वाचावेत, अशी माझी सूचना आहे. भाषांतर मी करून देईन. व्याख्याने दोनच आहेत, जर्मन साधी आहे, आकडे तेवढे पुष्कळ आहेत. गुल्डनचे मार्क करावेत, युरो करावेत की रुपये, एवढाच प्रश्न सुटायचा आहे.